परमुलखात उतरल्यावरचे पहिले आठवडे : मिशनरी मंडळींचा रोजचा दिवस कसा जात असे?

सावेडीकर

नमस्कार. आमच्या चर्चच्या शब्बाथशाळेतल्या मोठ्या मुलांसाठी एक टिपण लिहिते आहे. विषय घरचाच : अमेरिकन मराठी मिशनची पहिली माणसं मुंबईत उतरली, त्यानंतरचे त्यांचे सुरुवातीचे आठवडे.

ठळक गोष्टी इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असतील. ६ फेब्रुवारी १८१२ ला मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी पाच तरुणांना दीक्षा मिळाली आणि त्याच महिन्यात ते दोन जहाजांतून निघाले. एक जहाज चार महिन्यांनी कलकत्त्याला लागलं, दुसऱ्याला साडेपाच महिने लागले. तिथं कंपनी सरकारने त्यांना परत जायला सांगितलं. पाचांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, सोबत नॉट यांच्या पत्नी रोक्साना, ११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत उतरले. इथंही हुकूम तोच.

आता माझी अडचण. चरित्रांतून जहाज निघतं, जहाज पोचतं, आणि पान उलटलं की शाळा सुरू झालेली असते, छापखाना चालू झालेला असतो. मधले आठवडे कुणी लिहीत नाही. सकाळी उठून ही माणसं करत काय होती? घर कोणी बघून दिलं? पाणी कोण भरत होतं? बाजारात घासाघीस कोण करत होतं? आणि मुख्य म्हणजे मराठीचा पहिला धडा कोणी दिला?

मला वाटतं ते स्पष्टच सांगते. पहिल्या आठवड्यांत मिशनरी कोणाला काही देण्याच्या स्थितीत नसतोच. भाषा, निवारा, अन्न, औषध, सल्ला, सगळं त्यालाच मागून घ्यावं लागतं. ते देणारी माणसं इथली होती, आणि त्यांची नावं आपल्या इतिहासात जवळजवळ नाहीत. आमच्या मुलांना त्यांच्याबद्दलही कळायला हवं.

ज्यांच्याकडे घरातल्या आठवणी असतील, वाचन असेल, किंवा जे स्वतः अशा कामावर परदेशी गेले असतील, त्यांनी कृपया लिहा. धर्मांतराचा वाद या संस्थळावर भरपूर झालेला आहे, तो या धाग्यावर नको ही विनंती.

खोताची_वाडी

वाचतोय. धाग्याची वाचनखूण साठवली.

दर्यावर्दी

सावेडीकरताई, आमच्या हर्णै-बाणकोटच्या किनाऱ्यावरही हेच घडलं, दहा वर्षांनी. स्कॉटिश मिशनरी सोसायटीची माणसं १८२३ मध्ये बाणकोटला आली. तिथला किल्ला पेशवाईच्या काळापासूनच इंग्रजांकडे होता, ते त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणत, म्हणून आधी तिथं. सुरुवातीला आलेले डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले. पुढे काम हर्णैला सरकलं. जॉन विल्सन, म्हणजे चौपाटीसमोर ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते, १८२९ च्या फेब्रुवारीत पत्नी मार्गारेटसह मुंबईत उतरले आणि मराठी शिकायला आमच्याकडे आले. त्याच वर्षाअखेर ते परत मुंबईत होते, आणि मराठीत बोलत होते.

आता रोजच्या दिवसाचं. मी बंदरावरच वाढलो, म्हणून काही गोष्टी सहज डोळ्यांपुढे येतात. मुंबईहून यायचं ते शिडाच्या मचव्यातून. वारा पडला तर जागच्या जागी. हर्णैला तेव्हा धक्का कसला, मचवा बाहेर उभा राहणार आणि माणूस होडीतून किंवा खलाशाच्या खांद्यावर बसून किनाऱ्याला लागणार. म्हणजे या भूमीवर पाय टेकायच्या आधीच कुणा कोळ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला असणार. तुमच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा नसेल!

जेवायला भात, मासळी, नारळ, कुळीथ. पाव, चहा, मेणबत्त्या असल्या गोष्टींना आधार दापोलीच्या छावणीचा. आमच्याकडची जुनी माणसं अजून दापोलीला 'काम्प' म्हणतात. आणि मृग लागला की समुद्र बंद. मचवे वर ओढून शाकारून ठेवायचे ते थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. फेब्रुवारीत आलेल्या माणसाला भाषेचा जम बसतो न बसतो तोच पाऊस, आणि मग मुंबईशी संबंध फक्त खुष्कीच्या टपालाचा. एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. बाहेर जाता येत नाही, पंडित समोर, अभ्यासाला दुसरा पर्याय नाही.

मोडी_बखर

उत्तम विषय. मुंबईच्या त्या दोघांबद्दल थोडी पार्श्वभूमी देतो, कारण त्याशिवाय त्यांचा दिवस कळणार नाही.

कंपनी सरकार आणि मिशनरी एकाच माळेचे मणी, असा आपला सर्वसाधारण समज. १८१३ पर्यंत तरी परिस्थिती उलट होती. १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांचा उठाव झाला. त्यानंतर धर्माच्या बाबतीत लोकांना डिवचलं तर व्यापार बुडेल, ही धास्ती कंपनीने घेतली होती. त्यात १८१२ च्या जूनमध्ये अमेरिका आणि इंग्लंड यांचं युद्ध पेटलं. म्हणजे हॉल आणि नॉट हे परवाना नसलेले मिशनरी, आणि वर शत्रुराष्ट्राचे नागरिक.

मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन त्यांच्याशी सहानुभूतीने वागले, पण कलकत्त्याचा हुकूम त्यांनाही बांधलेला. यांना इंग्लंडला पाठवून द्या, असं फर्मान. मग अर्ज, विनंत्या, मुदतवाढ. मध्येच दोघे कोचीनला निघून गेले, तिथून त्यांना परत आणलं. शेवटी हॉल यांनी नेपियनना सविस्तर पत्र लिहून आपली बाजू मांडली, आणि १८१३ च्या अखेरीला राहू देण्याचं ठरलं. तोवर विलायतेत पार्लमेंटने कंपनीची नवी सनद मंजूर केली होती आणि मिशनऱ्यांना परवाना मिळायची वाट मोकळी झाली होती.

म्हणजे पहिले आठवडेच काय, जवळजवळ पहिलं वर्ष ही माणसं बांधलेलं सामान न सोडता जगली. उद्या जहाजावर चढवतील की राहू देतील, हे माहीत नाही. अशातही पंडित ठेवून मराठीचा अभ्यास चालू होता. मला या गोष्टीचं फार वाटतं. आठवडाभराने हाकलून देणार असतील, तर कोण माणूस विभक्तिप्रत्यय पाठ करत बसेल?

आणखी एक. मुंबई तेव्हा बेट होती आणि घाटावर दुसऱ्या बाजीरावाचं राज्य होतं. मराठी मुलुख समोर दिसतोय आणि तिकडे पाऊल टाकता येत नाही. पुणे, नगर, नाशिक ही नावं त्यांना खुली झाली ती १८१८ नंतर.

कोरेगावकर

ताई, वाद घालत नाही, पण एक गोष्ट नोंदवल्याशिवाय राहवत नाही. या लोकांच्या दिनचर्येची साधनं कोणती? त्यांचीच पत्रं आणि रोजनिशा. ती पत्रं मायदेशी छापली जात होती आणि ती वाचून लोक वर्गणी देत होते. साहजिकच त्यांत स्वतःचे हाल जास्त, इथल्या लोकांचं 'अंधारात' असणं जास्त. मूर्ती, सण, अंत्यविधी यांबद्दल काय भाषा वापरली आहे ती मी वाचली आहे आणि वाचताना मला त्रास झाला. माझे पूर्वज तेव्हा इथंच राहत होते, आणि ते काही अंधारात नव्हते. तुमच्या टिपणात मुलांना हेही सांगणार का?

सावेडीकर

कोरेगावकर, सांगणार. आपल्याच घरच्या कागदांत आपल्याच पणजोबांबद्दल तुसडेपणाने लिहिलेलं वाचायला मलाही त्रास होतो. शेवटी माझे पणजोबाही नेवाशाच्या बाजूचेच, बोस्टनचे नव्हेत. म्हणूनच पंडित, खलाशी, भिस्ती, आया यांच्या बाजूने ही गोष्ट सांगता येते का, ते बघते आहे.

दर्यावर्दी, खांद्यावरून उतरण्याचा प्रसंग मी घेणार. मोडी_बखर, सामान न सोडता जगणं हेही घेणार. खूप आभार.

आबा_नेवासेकर

सौ. सावेडीकर यांस आशीर्वाद. आमचे आजोबा मिशन शाळेत मास्तर होते आणि नव्याने आलेल्या साहेब-मडमांना मराठी शिकवण्याचे काम त्यांच्याकडे असे. हा काळ पुष्कळ नंतरचा, पहिल्या महायुद्धानंतरचा. तरी पद्धत जुनीच चालत आलेली होती, म्हणून लिहितो.

थंडीत जहाजाने मुंबईला यायचे, तिथून गाडीने नगर. उन्हाळा लागला की महाबळेश्वरी, तिथे मिशनऱ्यांसाठी मराठीचे वर्ग भरत. पहिल्या वर्षाची परीक्षा, दुसऱ्या वर्षाची परीक्षा. ती उतरल्याशिवाय स्वतंत्र काम हाती मिळत नसे. मडम डॉक्टर असो नाहीतर पदवीधर असो, आधी बाराखडी.

आजोबांचा क्रम ठरलेला. सकाळी न्याहारीपूर्वी प्रार्थना, मग उच्चार. 'ळ' आणि 'ण' नीट आल्याशिवाय पुढचे पान उलटू देत नसत. दुपारी बायबलमधला एखादा दाखला मराठीत वाचायचा. आणि आठवड्यातून एकदा भाजीबाजारात न्यायचे. आजोबा चार पावले मागे उभे राहणार, मदत करणार नाहीत. वांगी किती, मेथीची जुडी केवढ्याला, सुटे परत किती, सगळे मडमने बोलायचे. बाजारातल्या बायांनाही हे ठाऊक झाले होते. त्या मुद्दाम भराभर बोलत आणि मग हसून सावकाश पुन्हा सांगत. आजोबा म्हणत, माझ्यापेक्षा त्या बायांनीच अधिक शिकवले.

आजोबांचे नाव मिशनच्या कुठल्याही छापील अहवालात मी पाहिलेले नाही. 'पंडित' एवढाच उल्लेख.

खोताची_वाडी

आबा, ही भाजीबाजाराची परीक्षा आजही सुरू करायला हवी. आमच्या सोसायटीतले निम्मे मराठी लोक नापास होतील. 🙂

मोडी_बखर

आबा, नमस्कार. तुमच्या आजोबांचं नाव तुम्ही इथं जाहीर लिहिलं नाही तरी चालेल, पण कुटुंबाच्या कागदांत जरूर लिहून ठेवा.

पंडितांची नावं अगदीच नाहीत असंही नाही. बंगालातले इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांना कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीच्या कामात मदत करणारे पंडित वैजनाथ यांचं नाव टिकलं आहे. कॅरींचं मराठी व्याकरण १८०५ चं आणि मोडी लिपीत छापलेला कोश १८१० चा. म्हणजे हॉल-नॉट मुंबईत येण्याआधी, आणि तेही बंगालात बसून, एका मराठी पंडिताच्या आधाराने एवढं झालेलं होतं. नगरच्या बाबतीत बाबाजी रघुनाथांचं नाव घ्यायला हवं. १८३१ च्या डिसेंबरात अमेरिकन मिशनचे ग्रेव्ह्ज, हर्वी आणि रीड नगरला केंद्र काढायला गेले, तेव्हा बाबाजी त्यांच्याबरोबर होते. हर्वी काही महिन्यांतच कॉलऱ्याने गेले. बाबाजीही पुढे कॉलऱ्यानेच गेले.

सिस्टर_मंगला

धागा वाचून राहवलं नाही, म्हणून खूप दिवसांनी लॉगिन केलं. मी मिरजेला नर्सिंग शिकले. काही वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या मदतीने मलावीत, दक्षिण भागातल्या एका मिशन दवाखान्यात काम करायला गेले होते.

ताईंनी लिहिलंय की पहिल्या आठवड्यांत मिशनरी फक्त घेत असतो. अगदी शंभर टक्के! मी गेले होते 'सेवा करायला', आणि नोंदणीचा कागद येईपर्यंत मला रुग्णाला हात लावायची परवानगी नव्हती. कचेरीत जाऊन बसायचं, पुढच्या आठवड्यात या म्हणायचे, परत यायचं. हॉल-नॉटचं वाचून आत कुठेतरी हललं. त्या काळात मी बँडेज गुंडाळली, कपाटं आवरली, वॉर्डातल्या बायांबरोबर अंगणात बसले. तिथं पेशंटबरोबर आलेले नातेवाईक आवारातच चूल मांडून रांधतात, त्यांच्यात बसले. आणि भाषा तिथंच आली. चिचेवा भाषेतली विचारपूस लांबलचक असते. आधी तुम्ही कसे, मग घरचे कसे, मग रात्र कशी गेली. ते सगळं झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही. मी मुंबईच्या दवाखान्यातून गेलेली, मला सगळं झटपट लागायचं. मोठ्या नर्सबाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, घाई केलीस तर लोकांना वाटेल तू रागावली आहेस.

दिवस असा असायचा : पहाटे कोंबडा आरवला की बायका अंगण झाडायच्या. सात वाजता दवाखान्यात प्रार्थना. वाद्य एकही नाही, पण चार आवाजांत असं गायचे की अंगावर काटा यायचा. सफाईवाले, स्वयंपाकी, डॉक्टर सगळे एका रांगेत. दुपारी न्सिमा, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. सोबत पाल्याची भाजी, घेवडा किंवा तळ्यातली सुकी बारीक मासळी. जेवणाआधी घरातली मुलगी गुडघ्यावर बसून तांब्याने हातावर पाणी घालते. वयाने मोठी बाईही असं करायला लागली की मला फार अवघडायचं. संध्याकाळी अंधार लवकर, वीज असेलच असं नाही. मच्छरदाणी खोचून आत शिरायचं.

मी जूनमध्ये पोचले आणि तिथं जून म्हणजे थंडी. माझ्या पेटीत सगळे सुती कपडे. वॉर्डातल्या एका आजीने आपला चितेंजे (बायका कमरेला गुंडाळतात ते छापील कापड) माझ्या खांद्यावर टाकला आणि परत घेतला नाही.

रविवारी चर्च चार तास. पहिल्या रविवारी पाहुणी म्हणून उभं करून गायला सांगितलं. मी मराठी उपासनासंगीतातलं एक पद म्हटलं. एक शब्द कोणाला कळला नसेल, पण दुसऱ्या कडव्याला मागून लोक आपले आपण सूर धरायला लागले.

दर्यावर्दी

मंगलाताई, सुंदर लिहिलंत. एक विचारू का, घरची आठवण कधी जास्त यायची? आणि जेवणाचं जमलं का?

सिस्टर_मंगला

आठवण पहिल्या आठवड्यात नाही आली, सगळंच नवं होतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आली. नवलाई संपलेली असते, काम सुरू झालेलं नसतं आणि भाषा अर्धवट कळत असते, म्हणजे लोक आपल्याबद्दल बोलतायत एवढं कळतं, पण काय ते कळत नाही. तो काळ कठीण. जे कोणी जाणार असतील त्यांनी हे मनाशी बांधून जावं.

जेवणाचं म्हणाल तर न्सिमा मला आवडायला लागला. आणि लिंबे म्हणून गाव आहे ब्लँटायरला लागून, तिथं गुजराती दुकानदार पिढ्यान् पिढ्या आहेत. तूरडाळ, मोहरी, हिंग, सगळं मिळतं. ज्या दिवशी वरणभात केला त्या दिवशी शेजारच्या नर्सबाईंना बोलावलं. त्यांना वरण फार पातळ वाटलं. 😄

गोदाकाठ

मलावीचं नाव आलं म्हणून अवांतर, पण अगदीच अवांतर नाही.

मंगलाताई, तुम्ही होतात त्याच भागातून चुमा आणि वाकातानी ही दोन मुलं १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून सुटली. आफ्रिकेत फिरणारे स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६४ मध्ये लहानशा बोटीतून समुद्र ओलांडून मुंबईला आले, तेव्हा ही मुलं बरोबर होती. त्यांनी त्यांना वर दर्यावर्दींनी उल्लेख केलेल्या जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. विल्सन यांनीच १८६५ मध्ये त्यांना बाप्तिस्मा दिला. पुढे लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत चुमा प्रमुख होते.

आता आमच्या नाशिकचं. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांतल्या कितीजणांना माहीत असेल की ही वसाहत चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवली, आणि इंग्रज आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं शिकत होती? सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं. लिव्हिंग्स्टनच्या १८६६ च्या शेवटच्या मोहिमेत नऊजण नाशिकचे होते. मागाहून गेलेले जेकब वेनराइट हेही नाशिकचेच. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर तिथल्या झाडावर अक्षरं त्यांनी कोरली, आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमधल्या दफनविधीला ते हजर होते.

या धाग्याच्या विषयाला थेट लागणारी गोष्ट पुढे आहे. १८६४ मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे इथं शिकलेले आफ्रिकन तरुण मोंबासाजवळच्या रबाईला मिशनच्या कामासाठी गेले. १८७५ च्या सुमारास मोंबासाला फ्रिअर टाउन वसलं, तेव्हा नाशिकहून आणखी कुटुंबं गेली. तिथं त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. विचार करा, लहानपणी पळवून नेलेला माणूस, वाढला गोदावरीकाठी, आणि आता 'आपल्या' खंडात मिशनरी म्हणून उतरतोय. रंग तिथला, पण सवयी, शिस्त, शिक्षण इथलं. त्यांचे पहिले आठवडे कसे गेले असतील? घरी परत आल्यासारखे की परदेशात गेल्यासारखे? मला या प्रश्नाने कितीतरी दिवस सोडलं नव्हतं.

सावेडीकर

गोदाकाठ, हे वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. 'परदेशी मिशन' म्हटलं की गोरा माणूस इकडे येतो एवढंच चित्र असतं. नाशिकहून मोंबासाला गेलेली माणसं आमच्या मुलांना सांगायलाच हवीत.

मांडवीपार

गोव्यातून एक भर. पहिल्या आठवड्यांत लिहिलेला आणि आजवर टिकलेला कागद हवा असेल तर थॉमस स्टीफन्स यांचं पत्र बघा. हे इंग्रज जेझुइट ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून निघाले, २४ ऑक्टोबरला गोव्यात पोचले आणि १० नोव्हेंबरला वडिलांना पत्र लिहिलं. सगळा मजकूर प्रवासाचा : पाच जहाजं, विषुववृत्तावर वारा पडून खोळंबणं, हिरड्या सुजण्याचा आजार, मासे, पक्षी. मुलगा सुखरूप आहे हे बापाला आधी कळावं, एवढीच घाई त्यात दिसते. पुढे याच माणसाने मराठीत ओवीबद्ध पुराण रचलं आणि ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. त्या पत्रातला नवखा पाहुणा आणि त्या ओव्यांचा कर्ता यांच्यामध्ये सदतीस वर्षं आणि साष्टीतली न जाणो किती माणसं आहेत, ज्यांच्या तोंडून त्याने भाषा ऐकली.

परळची_पोर

मुक्तिफौज, म्हणजे साल्वेशन आर्मी, राहिली की! फ्रेडरिक टकर पंजाबातली मोठी सरकारी नोकरी सोडून मुक्तिफौजेत गेले आणि १९ सप्टेंबर १८८२ ला मुंबईत उतरले. सगळे मिळून चारजण, त्यांत एक बाई. 'फौज' येणार म्हणून पोलिसांनी केवढा धसका घेतला होता! गाणी म्हणत, वाजवत रस्त्यावरून निघाले म्हणून लवकरच अटक, खटले. केशवचंद्र सेनांसारख्या ब्राह्मो पुढाऱ्याने त्यांच्या बाजूने आवाज उठवला होता.

आणि राहणी बघा : भगवे कपडे, अनवाणी पाय, भिक्षा मागून जेवण. टकर यांनी फकीर सिंग असं नावही घेतलं. बंगल्यात राहून बटलर ठेवणाऱ्या मिशनऱ्यांना हे मुळीच रुचलं नव्हतं.

कोरेगावकर

परळची_पोर, टकरांबद्दल मलाही आदर आहे. भिक्षा मागणारा माणूस समोरच्याला 'तू अंधारात आहेस' असं त्याच सुरात म्हणू शकत नाही, कारण दुपारची भाकरी त्याच्याच दारातून यायची असते.

मंगलाताईंची पोस्ट वाचून एक कबूल करतो, मतं आहेत तिथंच आहेत, पण आजीने अंगावर टाकलेलं कापड आणि आबांच्या बाजारातल्या बाया, ही दोन्ही चित्रं मला एकाच घरातली वाटली.

मोडी_बखर

मूळ प्रश्नाकडे परत येतो. ताई, टिपणात बायकांची बाजू सुटू देऊ नका. पाच तरुणांची गोष्ट सांगताना हॅरिएट न्यूएल यांना एका ओळीत उरकतात. वय एकोणीस. कलकत्त्याहून हाकलल्यावर नवऱ्याबरोबर मॉरिशसकडे जाताना जहाजावरच बाळ झालं आणि काही दिवसांत गेलं. ३० नोव्हेंबर १८१२ ला पोर्ट लुईला त्याही गेल्या. नवरा, त्या पाचांतलेच सॅम्युएल न्यूएल, सिलोनमार्गे १८१४ मध्ये एकटे मुंबईला येऊन हॉल-नॉटना मिळाले. अमेरिकेत घरच्यांना ही बातमी पोचायलाच कित्येक महिने लागले असतील. तोवर आई मुलीच्या नावाने पत्रं लिहीत असणार.

आणि याच अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार. १८२७ च्या डिसेंबरात मुंबईत उतरल्या, अविवाहित, एकट्या. नवरा नाही, घर नाही, दुसऱ्याच्या बिऱ्हाडात राहायचं आणि मुलींच्या शाळा बघायच्या. १८३९ पासून नगर, आणि १८६२ मध्ये नगरलाच देह ठेवला. जोतीरावांनी त्यांची नगरची मुलींची शाळा पाहिली होती, हे तर सर्वांना ठाऊक आहे. या बाईंना मुंबईतल्या पहिल्या आठवड्यांत मुली मिळवायला दारोदार कोणी नेलं असेल? अनोळखी गोऱ्या बाईबरोबर आपली लेक पाठवायला ओळखीच्या बाईचाच शब्द लागतो. ती बाई शोधा.

आबा_नेवासेकर

सौ. सावेडीकर, आजोबांची एक वही आमच्याकडे आहे. शिकवणीचे पाठ, कोणत्या मडमने किती धडे पुरे केले याच्या नोंदी, काही ठिकाणी बाजारातल्या बायांची नावेही. बरीचशी मोडीत आहे आणि मला आता अक्षर लागत नाही. आपण आलात तर दाखवीन.

सावेडीकर

आबा, नक्की येते. पाऊस जरा उघडला की येत्या आठवड्यातच. मोडी_बखर, तुम्ही नगरला येऊ शकाल का? नाहीतर मी पानांचे फोटो काढून पाठवते. मुलांना टिपण देण्याआधी बाजारातल्या त्या बायांची नावं मला हवीच आहेत.

मोडी_बखर

फोटो नकोत, मी येतो. जुनी शाई फोटोत फसवते. दिवस कळवा.